आणखी किती फूट खोल?

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात मार्च-एप्रिलमध्ये रात्री-बेरात्री बोअरच्या गाडीचा आवाज ऐकू येतो. पाणाड्याने हातावर नारळ धरून जागा दाखवलेली असते, शेतकऱ्याने त्यासाठी कर्ज काढलेलं असतं आणि गाडीभोवती घरातली सगळी माणसं जागी उभी असतात. दोनशे फुटांवर नुसता फुफाटा. चारशेवरही फुफाटाच. मग कोणीतरी म्हणतं, ''एवढा पैसा घातलाच आहे, तर आणखी शंभर फूट जाऊ द्या.'' सहाशेवर ओल लागते आणि घराचा जीव भांड्यात पडतो. पुढच्या उन्हाळ्यात शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते. मग शेजारी सातशे फूट जातो.

हा लेख जखमांविषयी आहे. पण औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंचा प्रश्न समजून घ्यायला या बोअरइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. आधी साधं पेनिसिलिन पुरत होतं. मग ॲम्पिसिलिन आलं. पुढे सेफॅलोस्पोरिनच्या एकामागून एक पिढ्या आल्या. त्या थकल्या तेव्हा कार्बापेनेम आणली. आता ज्या रुग्णांवर कार्बापेनेमही चालत नाहीत त्यांना कोलिस्टिन देतात. मूत्रपिंडाला इजा करतं म्हणून डॉक्टरांनीच काही दशकांपूर्वी बाजूला ठेवलेलं हे औषध. प्रत्येक वेळी आपण शंभर फूट खाली गेलो आणि प्रत्येक वेळी शेजारच्या कोणाची तरी विहीर आटवली.

माझं म्हणणं असं आहे की जखमेतल्या जिवाणूंनी आपल्याला हरवलं ते औषध कमी पडलं म्हणून नाही. स्वच्छ पाणी, विश्रांती, वेळेवर केलेली शस्त्रक्रिया, परिचारिकेचे धुतलेले हात यांच्या जागी आपण औषध वापरलं. जे जे नव्हतं ते सगळं एका इंजेक्शनने भरून काढायचा प्रयत्न केला. हे रणांगणावर घडलं आणि उसाच्या फडातही घडलं.

फडापासून सुरुवात करू. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, पलीकडे कर्नाटक. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती हंगामभर फेडायची असते. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराचं नाव देणाऱ्या या धंद्यात जखम ही अपवादाची गोष्ट नाही. पहाटेच्या अंधारात, गारठलेल्या बोटांनी, दवाने ओल्या उसावर कोयता चालवताना तो कधीतरी नडगीवर किंवा डाव्या हातावर बसतो. त्यावर हळद दाबली जाते आणि साडीच्या काठाची पट्टी बांधली जाते. जखम धुवायला जे पाणी मिळतं ते टँकरचं नाही तर कालव्याचं.

अशा एका बाईचा पुढचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. दोन दिवसांनी पाय सुजतो. दिवस बुडाला की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. म्हणून ती तळाजवळच्या डॉक्टरला सांगते, ''जोराचं इंजेक्शन द्या, उद्या फडात जायचंय.'' तो देतो. दोन दिवस बरं वाटतं, म्हणून ती उरलेल्या गोळ्या पुढच्या दुखण्यासाठी जपून ठेवते. पुन्हा पू होतो. दुसरा डॉक्टर, दुसरं इंजेक्शन. कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपेपर्यंत ही जखम तीन-चार औषधं चाखून झालेली असते आणि एकाचीही चिठ्ठी जवळ नसते. गावी परतल्यावर ग्रामीण रुग्णालय, तिथून बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाई, तिथून संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. प्रत्येक ठिकाणी उपचार पहिल्यापासून सुरू होतात, कारण आधी काय दिलं हे कोणालाच माहीत नसतं.

तिच्या मागणीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. तिच्या परिस्थितीत ती शहाणपणाची मागणी आहे. विश्रांती परवडत नाही आणि स्वच्छ पाणी हातात नाही, तेव्हा विकत घेण्यासारखी एकच गोष्ट उरते, आणि ती मेडिकलमध्ये मिळते.

या फडाची रणांगणाशी तुलना मी ओढूनताणून करत नाही. ज्या गावांतून टोळ्या उसाला जातात त्याच गावांतली पोरं पहाटे डांबरी सडकेवर सैन्यभरतीसाठी पळत असतात. एकाच घरातला एक भाऊ कोयत्यावर आणि दुसरा सीमेवर असू शकतो. दोघांच्याही अंगावर मातीने भरलेली, चिरडलेली जखम होण्याचा धोका असतो. आणि दोघांनाही जखमी झाल्या ठिकाणापासून खऱ्या रुग्णालयापर्यंत टप्प्याटप्प्याने जावं लागतं. या टप्प्यांमध्ये काय होतं, हे शंभर वर्षांच्या युद्धांनी लिहून ठेवलं आहे.

१९१५च्या नोव्हेंबरमध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला लढाई झाली. लढणाऱ्या सहाव्या डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन होतं आणि तिच्यात मराठा पलटणींचे जवान होते. हजारो जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीपर्यंत हादरे देत नेलं गेलं आणि मग टायग्रिसमधून बोटींनी बसऱ्याकडे धाडलं गेलं. अशी एक बोट बसऱ्याला लागली तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर किनाऱ्यावर होते. दिवसेंदिवस मलमूत्रात पडून राहिलेली माणसं आणि कुजलेल्या जखमा त्यांनी पाहिल्या आणि तसं लिहून कळवलं. त्याबद्दल वरिष्ठांनी त्यांनाच धमकावलं. पुढे १९१७च्या मेसोपोटेमिया कमिशनच्या अहवालात ही नामुष्की जगासमोर आली. त्या वेळी प्रतिजैविकं नव्हतीच, त्यामुळे दोष औषधावर ढकलायची सोय नव्हती. जवान मेले ते अंथरूण, पाणी, पट्टी आणि वेळ यांच्या अभावी.

त्याच युद्धात फ्रान्सच्या आघाडीवर अलेक्झांडर फ्लेमिंग जखमा तपासत होते. शेणखत घातलेल्या शेतांतली माती गोळीबरोबर मांसात शिरत होती. खोल, वेड्यावाकड्या जखमेत जंतुनाशक ओतलं तर ते सांदीकोपऱ्यांतल्या जिवाणूंपर्यंत पोचत नाही आणि शरीराच्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मात्र मारतं, हे त्यांनी आणि त्यांचे गुरू आल्मरॉथ राइट यांनी दाखवलं. युद्ध संपेपर्यंत शल्यचिकित्सकांनी एक साधा नियम पक्का केला होता. जखम भरपूर धुवायची, मेलेलं मांस कापून काढायचं, घाईने शिवायची नाही आणि काही दिवस उघडी ठेवून मगच बंद करायची. हा नियम प्रतिजैविकांच्या आधीचा आहे आणि आजही कुठलंच प्रतिजैविक त्याची जागा घेऊ शकलेलं नाही.

सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांची कथा मराठी माणसाला ठाऊक आहे. १९३८मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि आठव्या पथसेनेच्या जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले. ज्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले त्याला नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या शल्यचिकित्सकाचं नाव होतं. शस्त्रक्रिया करताना बेथ्यून यांचं बोट कापलं, त्यातून विष रक्तात भिनलं आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले. बोटाला झालेली एक चीर एका निष्णात डॉक्टरला पुरली. पुढे १९४१मध्ये ऑक्सफर्डला पहिल्या रुग्णाला पेनिसिलिन दिलं गेलं, तेव्हा ते इतकं दुर्मीळ होतं की रुग्णाच्या लघवीतून काढून पुन्हा त्यालाच टोचलं जाई. साठा संपला आणि सुधारत चाललेला तो रुग्ण दगावला. आपल्या घरात अर्धवट टाकलेल्या गोळ्यांची पाकिटं पडलेली असतात, तेव्हा ही गोष्ट आठवावी.

१९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैन्यासाठी पेनिसिलिनच्या लाखो मात्रा तयार होत्या. दहा वर्षांनी पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि युद्धातलं औषध खेड्यातल्या आईपर्यंत पोचलं. त्या औषधाने किती बाळंतिणी आणि किती लेकरं वाचवली याची मोजदाद नाही. म्हणूनच ते वाया जाऊ नये असं पोटतिडकीने वाटतं. खुद्द फ्लेमिंग यांनी १९४५च्या नोबेल व्याख्यानात सावध केलं होतं की कोणी अपुरी मात्रा घेतली तर जिवाणू मरण्याऐवजी शिकतील आणि ते शिकलेले जिवाणू दुसऱ्याच कोणाचा तरी जीव घेतील. औषध नुकतं बाजारात आलं होतं, तेव्हाच त्याच्या शोधकाने तळ दाखवला होता.

आता पुन्हा त्याच टायग्रिसच्या काठी येऊ. २००३नंतर इराक आणि अफगाणिस्तानात जखमी झालेल्या अमेरिकन सैनिकांच्या जखमांत ॲसिनेटोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडू लागला. एरवी निरुपद्रवी समजला जाणारा हा जीव जवळपास सगळ्या औषधांना पुरून उरत होता. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की तो इराकच्या मातीतून आला आणि स्फोटाबरोबर मांसात घुसला. लष्करी डॉक्टरांनी माती तपासली, धडधाकट सैनिकांची त्वचा तपासली. तिथे तो क्वचितच मिळाला. मिळाला तो उपचाराच्या तंबूंत, फील्ड हॉस्पिटलच्या पृष्ठभागांवर आणि उपकरणांवर. सैनिकाला तो शत्रूने दिलेला नव्हता. त्याचा जीव वाचवणाऱ्या साखळीतच तो बसलेला होता आणि एका रुग्णालयातून पुढच्या रुग्णालयात जखमींबरोबर प्रवास करत होता. युक्रेनमध्येही हेच दिसलं. स्वीडनच्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या युद्धजखमींचे नमुने तपासून २०२३मध्ये दाखवलं की क्लेब्सिएला जिवाणूच्या काही वाणांवर हाताशी असलेलं एकही औषध चालत नाही.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे, आणि तो बीडला जसाच्या तसा लागू पडतो. ऊसतोड बाईच्या जखमेत पहिल्या दिवशी असतात ते फडाच्या मातीतले साधे जिवाणू. तिला पाय गमवायला लावणारे जिवाणू बहुतेकदा नंतर येतात. अर्धवट औषधांच्या प्रत्येक फेरीत साधे मरतात आणि चिवट उरतात. मग त्या जागी वॉर्डातले, त्याहून चिवट जिवाणू येऊन बसतात. कोरड्या खाटेच्या दांडीवर ॲसिनेटोबॅक्टर दिवसच्या दिवस तग धरतो. स्यूडोमोनासला ओल आवडते. तो नळाच्या तोटीत आणि मोरीत राहतो. आणि जिवाणूंची खरी ताकद अशी की औषधाला तोंड देण्याची युक्ती ते एकमेकांना देतात. आईकडून लेकराकडे तर ती जातेच, पण एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडेही जाते.

भाजलेल्या माणसाला हे सगळं दुपटीने भोगावं लागतं. कातडी हे शरीराचं पहिलं कुंपण, आणि तेच जळून गेलेलं असतं. जळक्या कातडीच्या थरातून रक्त वाहत नाही, म्हणून शिरेतून दिलेलं औषध तिथपर्यंत पोचतच नाही. तो मेलेला थर म्हणजे जिवाणूंसाठी वाढून ठेवलेलं ताट. देशात दरवर्षी सुमारे ७० लाख माणसं भाजतात असा सरकारी अंदाज आहे. स्टोव्ह, चूल, शेकोटी, कारखाना. ८ डिसेंबर २०१७ रोजी परळीच्या वैद्यनाथ साखर कारखान्यात उकळत्या रसाची टाकी फुटली. भाजलेल्या कामगारांना पुढच्या उपचारांसाठी लातूरला हलवावं लागलं आणि त्यांतले काही वाचले नाहीत. मोठ्या भाजण्यातून माणूस पहिले दोन-तीन दिवस निभावून गेला तर पुढची लढाई जिवाणूंशी असते आणि ती कित्येक आठवडे चालते. साखर कारखान्यांच्या आणि औष्णिक वीजकेंद्राच्या जिल्ह्याला या लढाईची तयारी घराजवळच हवी.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला असा की गरिबाला औषध मिळणंच मुश्कील असताना ते जपून वापरा असं सांगणं हा पोटभरल्यांचा उपदेश आहे. यातला राग मला मान्य आहे. पण औषध निकामी झाल्याचा पहिला फटका गरिबालाच बसतो. श्रीमंताला महागडं औषध आणि एकट्याची खोली मिळते. दोन खाटांच्या मध्ये चटईवर झोपणाऱ्याला मिळत नाही. २०१९मध्ये जगात सुमारे १२.७ लाख माणसं थेट औषधांना दाद न देणाऱ्या संसर्गामुळे मेली, असा अंदाज लॅन्सेटमध्ये मांडला गेला. त्यांत सगळ्यात मोठा वाटा गरीब मुलखांचा आहे.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा. कल्चरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर रुग्ण हातचा जाईल. मग मोठं औषध सुरू करण्यात चूक काय? गंभीर रुग्णाबाबत काहीच चूक नाही. ते सुरू करावंच. पण आधी पुवाचा नमुना घ्यावा, आणि अहवाल आल्यावर औषध उतरवण्याची हिंमत दाखवावी. आपल्याकडे चढण्याची शिडी आहे, उतरण्याची सवय नाही. आयसीएमआरच्या अलीकडच्या अहवालांत मोठ्या रुग्णालयांतल्या ॲसिनेटोबॅक्टरच्या दहापैकी सुमारे नऊ नमुन्यांवर कार्बापेनेम निष्प्रभ ठरतात. म्हणजे अंदाजाने दिलेलं 'मोठं' औषध बऱ्याचदा फक्त नावाला मोठं असतं. ज्या बोअरला पाणीच नाही त्याची मोटार चालू ठेवून वीजबिल तेवढं वाढतं.

तिसरा आक्षेप विज्ञानावरच्या विश्वासातून येतो: नवी औषधं निघतील. निघतीलही. मराठवाड्यातच, संभाजीनगरला संशोधन केंद्र असलेल्या वोक्हार्ट कंपनीने सुमारे चौदा वर्षं खपून नॅफिथ्रोमायसिन हे देशी प्रतिजैविक २०२४मध्ये आणलं, याचा मला अभिमान आहे. पण ते न्यूमोनियासाठी आहे. जखमेतल्या ॲसिनेटोबॅक्टरला त्याचा धाक नाही. एका औषधाला चौदा वर्षं लागतात, आणि चार वर्षांत आपण ते मेडिकलच्या काउंटरवर उधळू शकतो. पेरणीपेक्षा उधळण वेगाने होत असेल तर कोठार कधीच भरणार नाही.

मग करायचं काय? माझ्या यादीत नवं असं काहीच नाही आणि त्याचंच मला बळ वाटतं. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. खेड्यातल्या माणसासाठीच ते काढलं गेलं. तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाशी जिल्ह्यातलं प्रत्येक ग्रामीण रुग्णालय जोडता येईल. गेवराई, आष्टी, माजलगावच्या जखमेचा नमुना रोजच्या गाडीने तिथे जावा आणि अहवाल फोनवर यावा. आपल्या जिल्ह्यात कुठल्या जिवाणूवर कुठलं औषध अजून चालतं याचा तक्ता दर सहा महिन्यांनी प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर पोचावा. ऊसतोड कामगाराच्या हातात एक कार्ड असावं आणि प्रत्येक डॉक्टरने दिलेलं औषध त्यावर लिहिणं बंधनकारक असावं. लष्करात जखमी जवानाबरोबर त्याचा कागद पुढे सरकतो. आमच्या कामगाराबरोबर का सरकू नये?

वॉर्डात प्रत्येक चार खाटांमागे वाहतं पाणी आणि साबण हवा, आणि हात धुवायला वेळ मिळेल इतक्या परिचारिका हव्यात. तीस जखमांचं ड्रेसिंग एकटीने करणाऱ्या सिस्टरला हात धुण्याचं महत्त्व शिकवणं हा तिचा अपमान आहे. तिला मदतनीस द्यावा.

भाजलेली जखम लवकर झाकली तर जिवाणूंना दार उघडं मिळत नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी २००० साली मरणोत्तर दान केलेल्या त्वचेची पेढी सुरू केली. भाजलेल्या जखमेवर केळीच्या पानाचं ड्रेसिंग चिकटत नाही, दुखत नाही आणि नगण्य खर्चात होतं, हेही त्यांनी अभ्यासातून मांडलं. केळीचं पान आणि दान केलेली कातडी ही दोन्ही साधनं आपल्या आवाक्यातली आहेत. नेत्रदानासाठी जशी गावं पुढे आली तशी त्वचादानासाठी यावीत.

कायदाही आहे. १ मार्च २०१४पासून मोठ्या प्रतिजैविकांची विक्री अनुसूची एच-१खाली आली आहे. दुकानदाराने चिठ्ठीशिवाय औषध द्यायचं नाही, नोंदवही ठेवायची आणि ती तीन वर्षं जपायची. ती वही जो उघडून पाहील असा अधिकारी तालुक्यात हवा.

आणि सगळ्यात आधी खाडा. माझ्या दृष्टीने प्रतिजैविक वाचवण्याचा सगळ्यात परिणामकारक उपाय दवाखान्यात नाही, कारखान्याच्या हिशेबाच्या वहीत आहे. कोयता लागलेल्या बाईला जखम भरेपर्यंत भरपगारी दिवस मिळाले आणि तळावर स्वच्छ पाणी व ड्रेसिंग करणारी नर्स असली, तर जोराचं इंजेक्शन मागायची तिला गरजच पडणार नाही. रजा हे औषध आहे. ते आपण देत नाही म्हणून दुसरं औषध संपत चाललं आहे.

बीड शहराबाहेर निजामशाहीच्या काळात बांधलेली खजिना विहीर आहे. भोवतालचा मुलूख कोरडा पडला तरी तिचं पाणी आटत नाही, असं बीडकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ती काही अफाट खोल नाही. तिचं सामर्थ्य जमिनीखालच्या भुयारी पाटांत आहे. पाणी कुठून यावं, कुठे जावं आणि किती जावं याचा विचार बांधणाऱ्याने आधीच करून ठेवला आणि नंतरच्यांनी तो मोडला नाही. बोअरच्या गाडीजवळ उभं राहून 'आणखी शंभर फूट' म्हणणारा शेतकरी हतबल असतो, कारण त्याच्या वाट्याला तसा पाट कोणी ठेवलेला नसतो. जखम घेऊन आलेली ऊसतोड बाई आणि इंजेक्शन भरणारा डॉक्टर हेही तसेच हतबल आहेत. त्यांना दोष देऊन पाणी लागणार नाही. कोलिस्टिनच्या खाली आता खडक आहे, आणि पाट बांधायचं काम आपलं आहे.